बाबांना गरवायला न्या, पण हे पॅकेज घेऊ नका

पत्र, थोडक्यात: माझे वडील 67 वर्षांचे आहेत. मूळचे मालवणचे, पण नोकरी सगळी पिंपरीच्या कारखान्यात झाली. लहानपणी ते काकांबरोबर होडीतून गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जात आणि त्या गोष्टी आम्ही अजूनही जेवताना ऐकतो. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. आता तब्येत चांगली आहे, रोज चार किलोमीटर चालतात. नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे मालवणला जाणार आहोत. माझ्या यजमानांना इन्स्टाग्रामवर ‘डीप सी फिशिंग’ची जाहिरात दिसली: माणशी साडेतीन हजार रुपये, पाच तास, मासा मिळण्याची हमी, निम्मे पैसे आगाऊ आणि ते कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत. आईचा या सगळ्याला ठाम विरोध आहे. नऊ वर्षांचा मुलगा मात्र आत्तापासून उड्या मारतो आहे. 28 डिसेंबरची जागा धरून ठेवण्यासाठी आम्हाला चार दिवसांची मुदत दिली आहे. बुकिंग करावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

मुदतीची धास्ती मनातून जावी म्हणून उत्तर आधीच सांगतो. या पॅकेजचे बुकिंग करू नका. वडिलांना मात्र समुद्रावर अवश्य न्या. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध का नाहीत, हे सांगण्यासाठी पुढचा सगळा मजकूर आहे, आणि तो वाचून झाल्यावरही तुम्हाला हेच पॅकेज घ्यावेसे वाटले, तर निदान कोणते प्रश्न विचारून घ्यायचे ते तुमच्या हाताशी असेल.

सगळ्यात आधी ‘डीप सी’ या शब्दांची किंमत पाहू, कारण साडेतीन हजारांतला बराचसा भाग त्यांच्यासाठीच मोजला जातो. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, हे आपले प्रादेशिक पाणी असते आणि तेवढ्या पट्ट्यातली मासेमारी राज्य सरकारच्या अखत्यारीत येते. खोल समुद्रातली मासेमारी म्हणताना सरकारी कागदपत्रांत सर्वसाधारणपणे याच्या पलीकडचे पाणी अभिप्रेत असते, आणि समुद्रशास्त्राच्या भाषेत तर 200 मीटरपेक्षा जास्त खोलीला खोल समुद्र म्हणतात. मालवणसमोर तेवढी खोली गाठायला भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेपर्यंत जावे लागेल. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचे बुडालेले, प्रवाळांनी भरलेले पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेली ही जागा त्या कडेच्या बाजूची आहे, असे समजा. ताशी पंधरा-वीस किलोमीटरने जाणाऱ्या बोटीला तिथे नुसते पोहोचायलाच पाच ते सात तास लागतील. म्हणून पाच तासांत जाऊन, मासे धरून परत येणारी सहल ही किनारा डोळ्यांसमोर ठेवूनच होते. पाच-सात किलोमीटर आत, फार तर वीस-पंचवीस मीटर पाण्यात. यात वाईट काहीच नाही. वडिलांसाठी मी हेच अंतर सुचवणार आहे. मात्र, किनाऱ्याजवळच्या गरवण्याला खोल समुद्राचे नाव आणि दर लावणारा माणूस बाकीच्या बाबतींत किती नेमके बोलत असेल, हा प्रश्न मनात ठेवावा. याउलट तो खरोखरच वीस-तीस किलोमीटर आत नेणार असेल, तर तुमच्या घरच्या परिस्थितीत ते त्याहून वाईट.

आता वडिलांना नेमके काय हवे आहे, याचा विचार करू. तुमच्या पत्रात कुठेही असे लिहिलेले नाही की त्यांना खोल समुद्रात जायचे आहे. ‘काकांबरोबर गरवायला जात’ एवढेच लिहिले आहे. गरवणे हा पॅकेजवाल्यांच्या चित्रांतल्या प्रकारापेक्षा पुष्कळ वेगळा, शांत आणि स्वस्त प्रकार आहे. पहाटे बंदरातून निघायचे, खडपाच्या (पाण्याखालच्या खडकाच्या) जागेवर होडी नांगरायची, तंगुसाला (नायलॉनच्या दोरीला) शिसे आणि गरी (गळ) बांधायची, गरीला कोळंबी, माकुलाचा तुकडा किंवा बांगड्याची पट्टी लावायची आणि शिसे तळाला टेकेपर्यंत तंगूस सोडत राहायचे. शिसे टेकले की तंगूस सैल पडतो. मग तो हात-दीड हात वर घेऊन तर्जनीवरून ताणून धरायचा आणि वाट पाहायची. लहान मासा आमिष टोचतो तेव्हा बोटाला नुसती थरथर जाणवते, त्या वेळी ओढले तर गरी रिकामी वर येते. तांबोसा किंवा हेकरूसारखा मोठा मासा घेतो तेव्हा एकदम खाली जड ओढ लागते आणि तो खडपाच्या कपारीत शिरायच्या आत पहिले दोन-तीन हात भराभर घ्यावे लागतात. हे कसब लहानपणी ज्याच्या बोटात आले आहे त्याच्या बोटातून ते जात नाही, असा माझा अनुभव आहे. चालत्या बोटीमागे रॉड लावून सुरमईसाठी चकाकते आमिष ओढत नेणे हा दुसरा प्रकार, आणि जाहिरातींतली छायाचित्रे बहुधा त्याची असतात. त्यात रॉड आणि रीळ बोटवाल्याचे, जागा तो ठरवणार, मासा लागला की खलाशी धावून येऊन निम्मे काम करणार आणि पाहुण्याने शेवटी हातात सुरमई घेऊन फोटो काढायचा. तरुण मंडळींना त्याची मजा येते, त्याबद्दल तक्रार नाही. तुमच्या वडिलांना मात्र त्यात त्यांचे काका सापडणार नाहीत.

त्यामुळे माझी सूचना अशी आहे की आंतरजालावरचे पॅकेज सोडून द्यावे आणि मालवणातच एखाद्या तांडेलाशी (होडीच्या प्रमुखाशी) थेट बोलून अडीच-तीन तासांची, फक्त तुमच्या घरच्या माणसांसाठीची होडी ठरवावी. तुमची गावची माणसे अजून तिथे असतील तर हे काम एका फोनचे आहे. पारंपरिक मच्छीमारांपैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत पर्यटनाची जोड घेतली आहे, कारण पर्ससीन नेटच्या (माशांचा थवाच वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या) आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीने त्यांच्या वाट्याचा मासा कमी झाला, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर 2017 साली बंदी घातली, तरी ती चोरून चालते म्हणून आंदोलने होतच असतात. पुण्यात बसलेल्या एजंटाकडे जाणारे पैसे अशा माणसाच्या हाती थेट गेले तर ते मला अधिक बरे वाटते, हेही मोकळेपणाने सांगतो.

पण ‘ओळखीचा तांडेल’ म्हणजे सगळे आलबेल, असे समजू नका. इथे माझा स्वर थोडा कडक होईल. मासेमारी नौकेचा परवाना आणि प्रवासी नेण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला मत्स्यव्यवसाय विभाग देतो, दुसरा महाराष्ट्र सागरी मंडळ. आणि बोटीवर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक रंगवलेला दिसला, तर तो मासेमारीच्या नोंदणीचा असतो, पाहुणे नेण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. कोकणात ओळखीपाळखीने मासेमारीच्या होडीतून लोक सर्रास जातात, हे मला ठाऊक आहे. अपघात झाला की मात्र विमा कंपनी पहिल्यांदा हाच कागद मागते. म्हणून बोटीला पर्यटकांच्या वाहतुकीचा परवाना आहे का, त्यावर किती माणसांची क्षमता लिहिली आहे आणि प्रवाशांचा विमा उतरवला आहे का, हे तीन प्रश्न आढेवेढे न घेता विचारा. शंका आली तर मालवणच्या बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात चौकशी करता येते. जो तांडेल या प्रश्नांनी चिडतो, त्याच्या होडीत बसू नये.

लाइफ जॅकेटबद्दल वेगळे लिहितो, कारण हा मुद्दा नुसत्या ‘आहेत हो सगळ्यांना’ या उत्तरावर सुटतो आणि मग बोटीच्या फळीखाली ती जॅकेट एकमेकांवर दाबून ठेवलेली निघतात. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, पंधरा माणसे गेली, आणि त्या बोटीतल्या बहुतेक प्रवाशांच्या अंगात जॅकेट नव्हते. तेव्हा बंदरावर उभे असतानाच प्रत्येक जॅकेट हातात घेऊन पाहा: पट्टा तुटलेला आहे का, कडी लागते का, आतला फोम चुरा झाला आहे का. मुलाला मोठ्या माणसाचे जॅकेट चालत नाही, कारण पाण्यात पडताच ते डोक्यावरून निसटते. त्याच्या वजनाचे जॅकेट नसेल तर पुण्याहून विकत घेऊन जा, त्याचा खर्च साडेतीन हजारांपेक्षा पुष्कळ कमी येईल. आणि वडील ‘आम्ही लहानपणी उघड्या अंगाने पोहायचो’ असे म्हणणार, हे मी आत्ताच लिहून देतो. ते खरेही असेल. जॅकेट तरीही घालायचेच. तांडेलाकडे चालू स्थितीतला व्हीएचएफ (बिनतारी) संच असेल तर उत्तम, नसेल तर निदान जिथे मोबाइलला रेंज असते तेवढ्याच अंतरात राहायचे, असे आधी ठरवून घ्या. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093, हे दोन्ही घरात राहणाऱ्या माणसाकडेही लिहून ठेवा.

आता वडिलांचे हृदय. दोन वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी, रोजचे चार किलोमीटर चालणे आणि सध्या कोणतीही तक्रार नसणे, या स्थितीत शांत समुद्रावर दोन-तीन तास बसून गरवणे बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ नाकारणार नाहीत असे मला वाटते. पण हे त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांनी सांगायला हवे, मी सांगून उपयोगाचे नाही. डॉक्टरांना ‘बाबांना बोटीत नेऊ का’ असा मोघम प्रश्न विचारू नका. होडी छोटी असेल, ती हलेल, किनाऱ्यावर परत यायला पाऊण तास लागेल, तिथून ग्रामीण रुग्णालय आणि मोठी गरज पडली तर ओरोसचे जिल्हा रुग्णालय, एवढे अंतर मध्ये आहे, हे सगळे सांगून विचारा. खोल समुद्राच्या सहलीबद्दल माझी मुख्य हरकत हीच आहे. छातीत दुखू लागल्यावर पाऊण तासाचे अंतर आणि अडीच तासांचे अंतर यांत फार मोठा फरक पडतो, आणि तो फरक पैशांनी किंवा चांगल्या बोटीने भरून निघत नाही.

दोन बारीक गोष्टी डॉक्टर आपणहून सांगणार नाहीत, म्हणून विचारून घ्या. अँजिओप्लास्टी झालेल्या बहुतेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. गरी बोटात घुसणे किंवा शिंगाळा या माशाचा काटा लागणे हे गरवताना कोणालाही होते, पण या गोळ्यांमुळे रक्त थांबायला वेळ लागतो. म्हणून स्वच्छ कापड, चिकटपट्टी आणि गरीचा काटा तोडण्यासाठी पक्कड सोबत हवी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आधी पाहावे. शिंगाळा आणि पाकट यांच्या काट्यात विष असते, त्याच्या वेदनेवर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवण्याने आराम पडतो, त्यासाठी थर्मासमध्ये चहाशिवाय गरम पाणीही न्या. दुसरी गोष्ट बोट लागण्याची. पुष्कळ घरांत एव्होमिनची गोळी सवयीने दिली जाते. तिने झोप येते, आणि प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना ती न विचारता देऊ नये. द्यायची ठरली तर निघण्यापूर्वी तास-दोन तास आधी द्यावी लागते. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते. उपाशीपोटी जाऊ नये, तसेच तळणीचे खाऊनही जाऊ नये. मऊ भात किंवा पेज खाऊन निघावे, ती मालवणात तुम्हाला शोधावी लागणार नाही.

आणि एक विषय जाहिरातीत कधीच नसतो. छोट्या होडीत शौचालय नसते. रक्तदाबासाठी लघवीचे औषध घेणाऱ्या माणसाला पाच तास म्हणजे शिक्षाच, आणि या भीतीने पाणी न पिणे हे उन्हात त्याहून वाईट. औषधाची वेळ बदलता येईल का, हेही डॉक्टरांनाच विचारा.

तुमच्या आईंच्या विरोधाकडे घरातली अडचण म्हणून पाहू नका, अशी माझी विनंती आहे. पत्रात तुम्ही त्यांचे म्हणणे एका ओळीत संपवले आहे. त्यांना भीती कशाची वाटते आहे ते बसून विचारा: हृदयाची, बोटीची, की एकदा गेले की हे दर सुट्टीला जातो म्हणतील याची? पहिल्या दोन भीतींवर वर लिहिलेले उपाय आहेत, आणि परवाना, जॅकेट, डॉक्टरांचे म्हणणे हे सगळे त्यांच्या समोर ठेवून ठरवले तर त्यांचा विरोध बराच मवाळ होईल असे मला वाटते. तिसरी असेल, तर ती तुमच्या आईवडिलांची आपसांतली बाब आहे, त्यात मी पडत नाही.

मुलाच्या बाबतीत मी आईंच्या बाजूचा आहे. नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या आयुष्यातला पहिला समुद्र होडीतून दाखवताना, त्याच होडीत आजोबांवरही लक्ष ठेवणे, हे एकट्या मोठ्या माणसाचे काम नाही. मुलाला आदल्या दिवशी कर्ली खाडीत न्या. देवबागच्या बाजूला खाडीचे पाणी शांत असते, काठ दोन्हीकडे जवळ असतो, आणि खाडीत गरवूनही हाताला मासा लागतो. आजोबांनी नातवाला तंगूस धरायला शिकवायचा तर ती जागा उत्तम आहे, आणि आई तिथे आनंदाने येतील. खाडीत मुलाला बोट लागली नाही, त्याला तासभर एका जागी बसवले आणि आजोबांचीही दमछाक झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी बाहेरच्या होडीत त्याला घ्यायचे की नाही हे ठरवता येईल. तुमच्या यजमानांनी दोन्ही दिवस सोबत राहावे. पॅकेजचा शोध त्यांनी लावला आहे, तेव्हा ते नाही म्हणणार नाहीत.

तारखेकडे वळतो. डिसेंबर-जानेवारी हा आपल्या किनाऱ्यावर होडीने बाहेर पडायला चांगला काळ आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला तरी पुढचे काही आठवडे समुद्र पुरता निवळलेला नसतो. हिवाळ्यात मात्र पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून येतो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत पाणी बहुधा संथ असते. दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो आणि छोटी होडी हिंदकळू लागते. म्हणून ‘सनसेट फिशिंग’च्या मोहात न पडता पहाटे निघून दहाच्या आत बंदराला लागावे. दिनदर्शिकेत अष्टमीच्या आसपासचा दिवस पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाण्याची ओढ कमी असते, शिसे तळाला सरळ बसते आणि तंगूस वाहून जात नाही. देवबागच्या संगमातून बाहेर पडणार असाल तर हे अधिकच पाळावे, कारण उधाणाच्या ओहोटीला खाडीचे जोराने बाहेर पडणारे पाणी आणि समुद्राची आत येणारी लाट तिथे समोरासमोर भिडतात. माझ्या मते मालवण बंदरातून निघणे बरे. तिथे खडक आहेत, पण ते तांडेलाला पाठ असतात.

नाताळच्या आठवड्यात मात्र मालवणात पाय ठेवायला जागा नसते, आणि बोटवाल्यांच्या दिवसभर फेऱ्या चालू असताना तुमच्या वडिलांच्या संथपणाला कोणाकडेही वेळ नसेल. तुमच्या यजमानांची रजा आणि मुलाची शाळा जमत असेल तर जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार पाहावा. ते जमणारे नसेल तर 28 तारखेऐवजी आठवड्याच्या मधला दिवस घ्या.

डिसेंबर आहे म्हणून वादळ होणार नाही असेही गृहीत धरू नका. 2017 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी चक्रीवादळ आले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या 68 बोटींनी 952 मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला आसरा घेतला होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज पाहता येतो; दोन्ही आंतरजालावर मोफत असतात. लाट दीड मीटरच्या आसपास दाखवत असेल तर छोट्या होडीतून ज्येष्ठ माणसाला नेऊ नये, असा माझा ठोकताळा आहे. बंदरावर तीन नंबरचा बावटा (धोक्याचा इशारा) लागलेला असेल तर प्रश्नच मिटला. आणि सगळे अंदाज चांगले असूनही पहाटे तांडेल समुद्राकडे पाहून ‘आज नको’ म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालायचा नाही.

नेमक्या याच ठिकाणी तुम्हाला दिलेले पॅकेज सर्वांत सदोष आहे. ‘कोणत्याही कारणाने परतावा नाही’ याचा व्यवहारातला अर्थ असा होतो की हवा बिघडली तरी तुमचे चौघा-पाच जणांचे निम्मे पैसे गेले, आणि पैसे गेलेले असले की माणूस खवळलेल्या समुद्राकडे पाहूनही ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणतो. बोटवाल्यालाही उरलेले निम्मे पैसे फेरी केल्याशिवाय मिळणार नसतात, म्हणजे दोन्ही बाजूंना निघण्याचीच घाई. तांडेलाशी थेट ठरवताना आगाऊ रक्कम थोडी द्या, आणि हवामानामुळे किंवा तब्येतीमुळे बेत रद्द झाला तर ती परत किंवा पुढच्या तारखेला वळती, असे संदेशात लिहून घ्या. दर माणशी न ठरवता होडीचा ठरवा. पैसे ज्या खात्यावर पाठवायचे त्याचे नाव आणि होडीच्या मालकाचे नाव एकच आहे का, तेही पाहा. जो जाहिरातदार बोटीचे नाव आणि नोंदणी क्रमांक प्रवासाच्या सकाळपर्यंत सांगत नाही, त्याच्याकडे स्वतःची बोट नसते. तो त्या दिवशी जी मिळेल ती तुम्हाला देतो.

‘मासा मिळण्याची हमी’ हा तर मला सरळ इशारा वाटतो. मासा कोणाच्या हमीने येत नाही. अशी हमी पाळण्याचे दोनच मार्ग असतात: एक तर जिथे गळ टाकू नये तिथे टाकणे, नाहीतर दुसऱ्या होडीतून घेतलेला मासा तुमच्या गरीला लावून फोटो काढणे. पहिल्या मार्गाबद्दल सावध असा. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगडाभोवतीचा 3.18 चौरस किलोमीटरचा भाग हा त्याचा गाभा आहे. तिथल्या खडपांवर मासा भरपूर असतो, म्हणूनच तिथे तुम्हाला नेण्याचा मोह होतो. ‘गाभा क्षेत्रात जायचे नाही’ हे आधीच सांगून ठेवा. लहान मासा सोडून द्यावा. पापलेट 2023 साली राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्य सरकारने 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, तो व्यापारी मासेमारीला डोळ्यांसमोर ठेवून असला तरी पाहुण्यांनी तो पाळू नये असे कुठे आहे? व्हेल शार्क, कासव आणि पाकट-मुशींच्या काही जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय आहे. ओळख पटत नसेल तर तांडेल ‘सोडा’ म्हणेल तेव्हा फोटोसाठी न थांबता तंगूस कापावा. लागलेला मासा कोणाचा, हेही आधी बोलून घ्या. काही ठिकाणी तो बोटीचा समजतात, आणि तुमच्या वडिलांनी स्वतः काढलेला तांबोसा घरी न येता हॉटेलात गेला तर ती गोष्ट पुढची वीस वर्षे जेवताना ऐकावी लागेल.

तुमच्यासारखाच प्रश्न मनात असलेल्या पण घरात तशी अडचण नसलेल्या वाचकांसाठी एक वाक्य लिहून ठेवतो. ज्यांना खरोखर खोल पाणी, रॉडला लागणारा मोठा ट्युना आणि दिवसभराची झुंज हवी आहे, त्यांनी कोकणात पैसे घालवण्यापेक्षा अंदमानचा विचार करावा, कारण तिथे बेटांना लागूनच समुद्रतळ झपाट्याने खोल होतो आणि तासा-दोन तासांच्या अंतरावर ती मासेमारी साधते. खर्च अर्थात अनेक पटींनी येतो.

तुम्ही मात्र आज एवढेच करा: जाहिरातदाराला नकार कळवा, डॉक्टरांची वेळ घ्या, आणि गावी फोन करून बंदरावर कोणाशी बोलायचे ते विचारा. तो फोन वडिलांनाच करू द्या. तांडेलाला काय विचारायचे ते तुम्ही कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. जागा, आमिष आणि निघण्याची वेळ ते आपले आपण ठरवतील.